रेसलिंगची कॉमेंट्री आणि पडद्यामागच्या गोष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं एका चाहत्याची आहेत. जुन्या लढती मी पुन्हा लावतो त्या बरेचदा कॉमेंट्री ऐकण्यासाठी. भर मुख्यतः अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (२००२ पासून डब्ल्यूडब्ल्यूई), डब्ल्यूसीडब्ल्यू आणि ईसीडब्ल्यू या कंपन्यांवर आहे, कारण त्याच मला जवळून ठाऊक आहेत.

सगळं आधीच ठरलेलं असतं ना? मग कॉमेंटेटर नेमकी कशाची कॉमेंट्री करतो?

निकाल ठरलेला असतो, आणि हे गुपितही राहिलेलं नाही. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या राज्य सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूएफने स्वतःच मान्य केलं की ही क्रीडास्पर्धा नसून करमणूक आहे. तसं मान्य केल्यामुळे राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मागे लागत नव्हते.

पण शेवट ठरला म्हणून गोष्ट सांगून झाली असं होत नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यानाचा शेवट पाठ असतो, तरी बुवा रंगले की लोक हलत नाहीत. रिंगमधले दोघे अंगाने गोष्ट सांगतात. ती कोणाची आहे, आज इथे का घडते आहे आणि हरणाऱ्याचं काय जाणार आहे, हे घरी बसलेल्याला कॉमेंटेटर सांगतो.

१९८७ ची रेसलमेनिया ३ बघा (रेसलमेनिया म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम). मिशिगनमधलं पॉन्टियॅक सिल्व्हरडोम, हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट, कॉमेंट्रीच्या टेबलावर गोरिला मॉन्सून आणि जेसी व्हेंचुरा. आंद्रे पंधरा वर्षं अजिंक्य आहे आणि त्याला उचलून आपटणं कोणालाच जमलेलं नाही, असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. प्रत्यक्षात खुद्द होगननेच १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर आंद्रेला उचलून आपटलं होतं. ते सोयीस्करपणे विसरलं गेलं. प्रेक्षकांचा ९३,१७३ हा जाहीर झालेला आकडाही वादाचा आहे. तरीही होगनने आंद्रेला उचललं तो क्षण आजही अंगावर येतो. आंद्रे हलवता न येणारा डोंगर आहे, ही कल्पना मॉन्सूनने आपल्या डोक्यात इतकी पक्की बसवलेली असते की तो डोंगर हलल्याचा आपल्याला खरोखर धक्का बसतो.

कॉमेंटेटरला निकाल आधीपासून माहीत असतो का?

कधी असतो, कधी नसतो. कंपनी, काळ आणि माणूस पाहून ते बदलतं. काही जणांना मॅचचा सगळा आराखडा हातात हवा असतो, काहींना फक्त मागची गोष्ट आणि दोघांचा इतिहास पुरतो. मला दुसऱ्या प्रकारचे कॉमेंटेटर आवडतात. माहीत असलेल्या गोष्टीवर दचकल्याचं दाखवणारा आवाज आणि खरोखर दचकलेला आवाज यांतला फरक कानाला लगेच कळतो.

टेबलावर दोन-तीन जण कशाला लागतात?

एक जण काय चाललंय ते सांगतो: कोणता डाव, कोण वरचढ, कोणाचा गुडघा दुखावलाय. दुसरा त्यावर बोलतो, आणि तो बहुतेक वेळा खलनायकाच्या बाजूचा असतो. रेसलिंगच्या भाषेत खलनायक म्हणजे हील आणि नायक म्हणजे बेबीफेस. हीलची बाजू घेणारा कॉमेंटेटर नसेल तर गोष्ट सपाट होते. रेफरीची पाठ वळल्यावर कोणी खुर्ची मारली आणि टेबलावरचे सगळेच 'अन्याय, अन्याय' म्हणाले, तर आपल्याला चिडायला जागाच उरत नाही. 'खुर्ची? कसली खुर्ची? मला तर दिसली नाही,' असं कोणीतरी म्हणायला हवं.

या कामात बॉबी हीनन सगळ्यांच्या वर. रॉयल रंबलमध्ये तीस जण एकेक करून रिंगमध्ये येतात आणि शेवटी उरतो तो जिंकतो. जानेवारी १९९२ च्या रंबलमध्ये रिक फ्लेअर तिसऱ्या क्रमांकावर रिंगमध्ये आला आणि तासभर टिकून रिकामं असलेलं विजेतेपद जिंकला. हीनन पहिल्यापासून फ्लेअरचा माणूस. फ्लेअर अडचणीत आला की तो गयावया करतो, सुटला की फुशारक्या मारतो, कोणी मदत केली की त्याची तोंडभर स्तुती करतो आणि त्याच माणसाने फ्लेअरला ठोसा दिला की क्षणात शिव्याशाप देतो. मॉन्सून शेजारी बसून त्याला शांतपणे टोकत राहतो. तीस पैलवानांच्या गर्दीत आपली नजर एका माणसावरून हलत नाही, हे हीननचं काम. माझ्या मते रेसलिंगमध्ये यापेक्षा चांगली कॉमेंट्री झालेली नाही.

'गोरिला पोझिशन' म्हणजे काय? हेडसेटमधून कोण बोलत असतं?

पडद्याच्या लगेच मागे, रेसलर प्रवेशाआधी उभा राहतो ती जागा म्हणजे गोरिला पोझिशन. मॉन्सून तिथे बसून कार्यक्रमाची सूत्रं हलवायचा, म्हणून ते नाव पडलं. आजही तिथे मॉनिटर आणि हेडसेट घेऊन माणसं बसतात, आणि रेफरी व कॉमेंटेटर यांच्या कानात सूचना जातात: वेळ किती उरला, जाहिरात कधी, पुढच्या आठवड्याची कोणती मॅच आत्ता सांगायची.

डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये अनेक वर्षं या हेडसेटच्या दुसऱ्या टोकाला कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहन असायचा. तो स्वतः कॉमेंटेटर होता, त्यामुळे कोणता शब्द कधी यावा याबद्दल त्याचे आग्रह पक्के होते. रेसलर मिक फोलीने २००८ मध्ये काही महिने स्मॅकडाऊन या साप्ताहिक कार्यक्रमाची कॉमेंट्री केली आणि सोडून दिली. कानात सतत येणारा ओरडा सहन होत नाही, हे कारण त्याने उघडपणे सांगितलं आहे. काही फुटांवर दोन माणसं जीव तोडून लढतायत आणि कानात तिसराच माणूस वाक्यं सांगतोय, अशा स्थितीत स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून बोलणं किती कठीण असेल याचा विचार करा. कॉमेंटेटर कोणत्या प्रतीचा आहे, ते मला याच ओढाताणीत दिसतं.

४ जानेवारी १९९९ ला टोनी शियावोनीने असं काय सांगितलं की लोक अजून बोलतात?

त्या काळात सोमवारी रात्री डब्ल्यूडब्ल्यूएफचं 'रॉ' आणि डब्ल्यूसीडब्ल्यूचं 'नायट्रो' एकाच वेळी, वेगवेगळ्या चॅनलवर लागायचे. त्या आठवड्याचं 'रॉ' आधीच चित्रित झालेलं होतं, 'नायट्रो' थेट अटलांटाच्या जॉर्जिया डोममधून चालू होतं. डब्ल्यूसीडब्ल्यूचा प्रमुख एरिक बिशफच्या सूचनेवरून 'नायट्रो'चा कॉमेंटेटर शियावोनीने प्रेक्षकांना सांगून टाकलं की पलीकडे मिक फोली विजेता होणार आहे. आणि वर खोचकपणे जोडलं की यामुळे काय, आता खुर्च्या भरणारच.

झालं उलटं. काही लाख लोकांनी चॅनल बदललं. कान फाटलेला, दात पडलेला, नायकाच्या साच्यात कुठेच न बसणारा फोली खरंच जिंकतोय हे त्यांना बघायचं होतं. पुढे कित्येक महिने प्रेक्षक 'मी या खुर्चीत फोलीमुळे बसलोय' अशा अर्थाचे फलक घेऊन यायचे.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाही. पलीकडे 'रॉ'च्या टेबलावर त्या रात्री जिम रॉस नव्हता, तो आजारी होता. त्याच्या जागी होता मायकल कोल, दीडेक वर्षापूर्वी रेसलिंगमध्ये आलेला, लोकांनी अजून न स्वीकारलेला. फोली जिंकला तेव्हा कोल म्हणाला की त्याने स्वतःचं स्वप्न पूर्ण केलं, आणि 'तुला जमणार नाही' असं ज्यांना ज्यांना सांगण्यात आलं त्या प्रत्येकाचंही.

एकाच रात्री, एकाच माणसाबद्दलची ही दोन वाक्यं. शियावोनी हा उत्तम कॉमेंटेटर, त्याच्यावर माझा राग नाही, पुढे एईडब्ल्यू या नव्या कंपनीत तो परतला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण ते वाक्य हेडसेटचं होतं. कोलचं वाक्य समोर बघणाऱ्या माणसाचं होतं.

जिम रॉसला सगळे सर्वश्रेष्ठ का मानतात?

ओक्लाहोमाचा रांगडा, गावाकडचा सूर आणि प्रसंग वाढेल तसा चढत जाणारा आवाज ही कारणं सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्याचं दुसरं काम. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये रेसलर भरती करणाऱ्या विभागाचा प्रमुखही होता. करार, दुखापती, पगार, घरच्या अडचणी, सगळं त्याच्या टेबलावर यायचं. फोलीला घ्यायला मॅकमहन फारसा राजी नव्हता, रॉसने त्याच्यासाठी शब्द टाकला. त्यामुळे रॉस जेव्हा एखाद्याच्या कष्टांबद्दल बोलायचा तेव्हा ते कोणी लिहून दिलेलं नसायचं.

चेहऱ्याच्या अर्धांगवायूचा, म्हणजे बेल्स पाल्सीचा, त्याला एकाहून अधिक वेळा झटका आला. आवाज आणि चेहरा यांवर पोट असलेल्या माणसाला यापेक्षा क्रूर आजार कोणता? त्या आजारातून परतून मार्च १९९९ मध्ये रेसलमेनियाची शेवटची मॅच, ऑस्टिन विरुद्ध रॉक, त्याने सांगितली.

१९९८ च्या 'हेल इन अ सेल'मध्ये, म्हणजे पिंजऱ्यातल्या लढतीत, रॉस खरंच घाबरला होता का?

२८ जून १९९८, पिट्सबर्ग, किंग ऑफ द रिंग. अंडरटेकर विरुद्ध मॅनकाइंड, म्हणजे फोली. सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून अंडरटेकरने फोलीला खाली फेकलं आणि तो कॉमेंटेटरांच्या टेबलावर कोसळला. रॉस ओरडला, की देवाशपथ, त्याला मारून टाकलं, त्याचे दोन तुकडे झाले. फेकलं जाणार हे त्या दोघांना ठाऊक होतं. रॉसने नंतर सांगितलं आहे की त्याला ठाऊक नव्हतं.

आणि हा पहिला आघात. फोली स्ट्रेचरवरून उठला, पुन्हा वर चढला, अंडरटेकरने छतावर चोकस्लॅम दिला, म्हणजे गळा धरून उचलून आपटलं, आणि जाळीचा तुकडा निसटून तो थेट रिंगमध्ये पडला. हे दुसरं पडणं ठरलेलं नव्हतं. पाठोपाठ वरची खुर्ची त्याच्या तोंडावर आदळली. बघायला धावून आलेल्या टेरी फंकलाही अंडरटेकरने चोकस्लॅम दिला, इतका जोरात की फंकचे बूट रिंगमध्येच राहिले. तो फोलीला सावरायला वेळ मिळावा म्हणून होता. अपघात होऊनही गोष्ट थांबू न देण्याचं भान तिघांनाही होतं.

रॉस तोवर मॅच थांबवा म्हणून विनवत होता. इथे गोष्ट आणि वास्तव इतकं एक झालं होतं की त्याला अभिनय करावाच लागला नाही. त्याच्या आवाजाशिवाय ते पडणं एक भयंकर अपघात म्हणूनच लक्षात राहिलं असतं. रॉसमुळे ती फोलीच्या चिवटपणाची गोष्ट झाली.

खरंच काही वाईट घडलं तर कॉमेंटेटर काय करतो?

याचं उत्तर देताना मला नेहमी जड जातं.

२३ मे १९९९, कॅन्सस सिटी, ओव्हर द एज. ओवेन हार्टला वरून दोराने रिंगमध्ये उतरायचं होतं. हुक सुटला आणि तो सत्तरहून अधिक फुटांवरून खाली पडला. घरच्या प्रेक्षकांना त्या वेळी आधी चित्रित केलेली मुलाखत दिसत होती, त्यामुळे त्यांना ते पडणं दिसलं नाही. कॅमेरा परत आला तो प्रेक्षकांवर आणि टेबलावर. आणि रॉसला सांगावं लागलं, की हा आजच्या करमणुकीचा भाग नाही, हे पूर्णपणे खरं आहे.

वर्षानुवर्षं खोट्या जखमा खऱ्या म्हणून सांगणाऱ्या धंद्यात हे वाक्य लोकांना कसं पटावं? पटलं, कारण ते त्याच्या तोंडून आलं, आणि त्याने आवाज वाढवला नाही, उतरवला. नंतर ओवेनच्या मृत्यूची बातमीही त्यालाच द्यावी लागली, काही सेकंदांच्या सूचनेवर. कार्यक्रम त्या रात्री पुढे चालू ठेवला गेला. तो निर्णय चूक होता असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पण रॉसने त्या टेबलावर बसून जे केलं ते माणुसकीचं होतं.

दुसरा प्रसंग १० सप्टेंबर २०१२ चा, मॉन्ट्रियल. रॉस ज्याच्या शेजारी वर्षानुवर्षं बसला तो जेरी लॉलर या वेळी मायकल कोलच्या शेजारी होता. चालू मॅचमध्ये लॉलरला हृदयविकाराचा झटका आला. कोलने प्रेक्षकांना सांगितलं की ही कोणत्याही कथानकाची गोष्ट नाही. त्यानंतर उरलेल्या मॅच कॉमेंट्रीशिवाय झाल्या. मधूनमधून कोल एकटा कॅमेऱ्यापुढे येऊन लॉलरची प्रकृती कशी आहे तेवढं सांगायचा. कोल मूळचा सीबीएस रेडिओचा बातमीदार. ती तालीम त्या रात्री उपयोगी पडली. लॉलर वाचला आणि नोव्हेंबरमध्ये परतलाही.

मायकल कोल आवडत नाही असं म्हणणारे आता त्याचं कौतुक का करतात?

आवाज तोच आहे, कानातला माणूस बदलला. २०२२ च्या जुलैमध्ये मॅकमहन बाजूला झाला आणि कथानकांची सूत्रं माजी रेसलर ट्रिपल एचकडे आली. तेव्हापासून बोलायला मोकळीक मिळाल्याचं कोलने स्वतः सांगितलंय. २०२४ मध्ये फिलाडेल्फियात कोडी रोड्सने विजेता रोमन रेन्सची १,३१६ दिवसांची सत्ता संपवली, तेव्हाचा कोल ऐका.

एकट्याने कॉमेंट्री कोणी केली आहे का?

ईसीडब्ल्यूचा जोई स्टाइल्स. एप्रिल १९९७ चं 'बेअरली लीगल' हे थेट प्रक्षेपण त्याने एकट्याने पेललं. त्याचं 'ओ माय गॉड' सगळ्यांना माहीत आहे, पण जपानी आणि मेक्सिकन डावांची अचूक नावं घेण्यातली त्याची तयारी जास्त कौतुकाची.

टेबल नेहमी स्पॅनिश कॉमेंटेटरांचंच का मोडतं?

इंग्रजी प्रक्षेपण चालू राहायला हवं म्हणून. टेबलावरचे मॉनिटर आधी बाजूला केले जातात, ते बघूनच पुढे काय होणार याचा अंदाज येतो.

बॉबी हीननने होगनचं खलनायक होणं आधीच फोडलं, हे खरं का?

७ जुलै १९९६, डब्ल्यूसीडब्ल्यूचं बॅश ॲट द बीच. केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल यांनी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या माणसांना झोपवलंय, त्यांचा तिसरा साथीदार कोण ते कळलेलं नाही, आणि होगन धावत येतो. सगळ्यांना वाटतं वाचवायला आला. हीनन मात्र विचारतो, 'पण हा कोणाच्या बाजूचा?' क्षणभराने होगन आपल्याच माणसावर पडतो आणि रेसलिंगचा इतिहास बदलतो.

हीननने रहस्य फोडलं असं अनेक जण म्हणतात. मला ते मान्य नाही. हा माणूस ऐंशीच्या दशकापासून सांगत होता की होगन ढोंगी आहे. त्या क्षणी त्याने होगनवर विश्वास ठेवला असता तर ते त्याच्या स्वभावाला सोडून झालं असतं. बारा वर्षं एकच गोष्ट बोलून कोणी ऐकलं नाही, आणि त्या रात्री तो बरोबर ठरला.

मॉन्सून आणि हीनन खऱ्या आयुष्यात मित्र होते का?

जिवलग. मॉन्सून ६ ऑक्टोबर १९९९ ला गेला तेव्हा हीनन प्रतिस्पर्धी कंपनीत, डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये होता. तरी त्याने 'नायट्रो'वर श्रद्धांजली वाहिली आणि म्हणाला की स्वर्गाच्या दाराला आता गोरिला पोझिशन म्हणतील. २००४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये भरपूर हसवल्यावर त्याने भाषण संपवलं ते मॉन्सून आज इथे हवा होता, असं म्हणून.

पडद्यामागच्या गोष्टी कळल्या की मजा जाते का?

माझी तरी वाढली. १९ मे १९९६ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नॅश आणि हॉल यांची डब्ल्यूडब्ल्यूएफमधली शेवटची रात्र होती. निरोप म्हणून शॉन मायकल्स आणि ट्रिपल एच यांच्यासह चौघांनी रिंगमध्ये मिठ्या मारल्या, म्हणजे शत्रू आणि मित्र सगळ्यांसमोर एकत्र. केफेब, म्हणजे हे सगळं खरं आहे असं भासवत राहण्याची शिस्त, तिथे मोडली. मायकल्स विजेता होता, नॅश-हॉल निघून गेले, शिक्षा झाली ट्रिपल एचला. किंग ऑफ द रिंग स्पर्धेचं जेतेपद त्याच्या नावावर व्हायचं होतं ते स्टीव्ह ऑस्टिनला मिळालं. त्या स्पर्धेच्या रात्री ओठ फाटून टाके घालून आलेल्या ऑस्टिनला कोणीतरी सांगितलं की अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी जेक रॉबर्ट्सने बायबलचे दाखले देत भाषण केलंय. त्यातून ऑस्टिनला विजयाच्या भाषणासाठी सुचलं, बायबलच्या वचनाच्या क्रमांकासारखं, 'ऑस्टिन ३:१६'. एका मिठीची शिक्षा एकाला झाली आणि दुसऱ्याच्या आयुष्याचं सोनं झालं. हे माहीत असताना ऑस्टिनचं ते भाषण ऐकणं जास्त सुंदर आहे.

पॉडकास्टवर जुने लोक सांगतात ते कितपत खरं मानायचं?

सांभाळून. ही माणसं आयुष्यभर गोष्टी रंगवून सांगत आली आहेत. एका प्रसंगाच्या दोन विरुद्ध आठवणी मिळाल्या की जुना कार्यक्रम काढून तारखा ताडून बघा. ९ नोव्हेंबर १९९७ च्या मॉन्ट्रियल प्रकरणात, म्हणजे मॅकमहनने बेल वाजवायला लावून ब्रेट हार्टला न सांगता त्याचं विजेतेपद काढून घेतलं तेव्हा, पुरावा आहे. त्या दिवसांत डॉक्युमेंटरीवाले ब्रेटसोबत होते आणि मॅकमहनशी झालेलं त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित झालं. असं नशीब फार थोड्या वादांना लाभतं.

त्या रात्रीपर्यंत बहुतेक प्रेक्षकांना मॅकमहन म्हणजे टेबलावरचा उत्साही कॉमेंटेटर एवढंच माहीत होतं. मालक म्हणून तो समोर आला आणि मोठा खलनायक झाला.

आपल्याकडच्या कुस्ती मैदानातले निवेदकही हेच करतात का?

काम वेगळं आहे. मैदानातली कुस्ती चितपटीची, निकाल खुला. निवेदक पैलवानाची तालीम, वस्ताद, गाव, आधी मारलेल्या कुस्त्या सांगतो, घिस्सा की ढाक ते ओळखतो, इनामं पुकारतो, आणि हलगीच्या तालावर गर्दी पेटती ठेवतो. पैलवानामागचं घर आणि कष्ट लोकांपर्यंत पोचवणं मात्र दोन्हीकडे सारखं. ठरलेल्या निकालाच्या कुस्त्याही मुंबईला परक्या नाहीत: दारासिंग आणि किंगकाँग यांच्या 'फ्रीस्टाइल' लढतींना इथे तुफान गर्दी व्हायची.

नव्याने बघणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

पहिल्यांदा १९९२ चं रॉयल रंबल, पूर्ण, मॉन्सून आणि हीननसाठी. मग फोलीची दोन: जून १९९८ ची पिंजऱ्यातली आणि ४ जानेवारी १९९९ ची. लहान मुलं सोबत असतील तर पिंजऱ्यातली नको. रंबल बघताना फोन बाजूला ठेवा, कारण हीननची अर्धी वाक्यं मॉन्सूनच्या वाक्यांखाली दबलेली आहेत आणि ती अर्धीच सगळ्यात चांगली आहेत.